मिलानमधली खुनाची फेरी : पाचपैकी तीन तारे

सुनेने यंदा वाढदिवसाला मला खून भेट दिला. म्हणजे मिलानमध्ये मौरिझिओ गुचीच्या गाजलेल्या खुनाच्या जागा पायी फिरून दाखवतात, त्या फेरीचं तिकीट. "आई, चर्चं बघून तुम्ही कंटाळलात. हे तुमच्या खात्यातलं आहे," म्हणाली. खातं तिने बरोबर ओळखलं. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्हा न्यायालयात मी एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची चौदा सत्र न्यायाधीशांची बेंच क्लार्क म्हणून. साहेब वर, मी खाली. पुकारा, रोजनामा, निशाण्या, मुद्देमालाच्या याद्या, साक्षीदारांचे भत्ते, सगळं माझ्या टेबलावरून गेलेलं. खुनाचे खटले किती झाले ते मोजले नाहीत, पण कुठल्या साक्षीदाराने पाणी मागितलं होतं ते अजून आठवतं.

फेरी चालवणाऱ्या कंपनीचं नाव लिहीत नाही. पुढे तक्रारी आहेत, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या नोटिसांची नोंद ठेवल्यावर आता स्वतःच्या नावाची नोटीस घ्यायची हौस नाही.

आधी कामाचं. अडीच तास, माणशी २८ युरो, भाषा इंग्रजी. भेटायची जागा सान बाबिला मेट्रो स्टेशनच्या वर, चर्चसमोर. आम्ही तेराजण होतो. प्रत्येकाच्या कानात एक छोटं यंत्र अडकवतात, म्हणजे गाइड चाळीस पावलं पुढे गेला तरी ऐकू येतं. माझं यंत्र मधेच खरखरायला लागलं तेव्हा त्याने लगेच बदलून दिलं, याचे पूर्ण गुण. गाइड तिशीतला, आवाज नाटकवाल्यांसारखा, हातात पिवळी छत्री. चालणं फार नाही, पण फरसबंदी दगडाची आहे, तेव्हा कोल्हापुरी वगैरे घालून जाऊ नका. बाथरूमची सोय नाही. कॅफेत काउंटरवर उभ्याने एक कॉफी घ्यायची आणि मग विचारायचं, ही तिथली रीत. सप्टेंबरात हवा छान होती. सोबत चिवडा नेला होता. एका अमेरिकन बाईंनी तो तीनदा मागून घेतला.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी, दोषारोपपत्राइतकं कोरडं सांगते. गुची नावाचं चामड्याच्या वस्तूंचं दुकान गुच्चिओ गुची यांनी १९२१ मध्ये फ्लॉरेन्सला काढलं. त्यांचा नातू मौरिझिओ. त्याने १९७२ मध्ये पात्रिझिया रेजानीशी लग्न केलं, वडिलांचा विरोध पत्करून. ती ट्रक वाहतुकीचा मोठा धंदा असलेल्या माणसाची दत्तक मुलगी. दोन मुली झाल्या. १९८३ मध्ये वडील वारले, मौरिझिओच्या हाती कंपनीचा निम्मा हिस्सा आला आणि घरातलं वारं फिरलं. १९८५ मध्ये तो कामासाठी फ्लॉरेन्सला जातो म्हणून बॅग घेऊन निघाला तो परत आलाच नाही. निरोपही एका मित्राकरवी कळवला. पुढे रीतसर घटस्फोट झाला. २७ मार्च १९९५ रोजी सकाळी साडेआठच्या सुमारास, व्हिया पालेस्त्रो या रस्त्यावर २० नंबरच्या इमारतीत आपल्या ऑफिसच्या पायऱ्या चढताना त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. वय ४६. दोन वर्षं पोलिसांना काही हाती लागलं नाही. ३१ जानेवारी १९९७ ला पात्रिझियाला अटक झाली, आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये माजी नवऱ्याच्या खुनाचा कट रचल्याबद्दल २९ वर्षांची शिक्षा. अपिलात ती २६ झाली.

आता फेरी.

पहिला टप्पा सान बाबिलापासून मोन्ते नापोलिओने रस्त्यावरचा. हा मिलानमधला सगळ्यात महाग दुकानांचा रस्ता. काचेमागे पर्स अशा मांडलेल्या की देवघरातले टाकही इतके ऐसपैस बसत नसतील. इथे गाइड खुलला. पात्रिझियाबाईंचे दागिने, ऑर्किडची फुलं, मिंकचा कोट, आणि ते त्यांचं जगप्रसिद्ध वाक्य : सायकलवर बसून सुखी होण्यापेक्षा रोल्स-रॉइसमध्ये बसून रडणं बरं. सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. माझी आई म्हणायची, रडायचंच तर घरच्या ओट्यावर रडावं, परक्याच्या माडीवर नको. दोन्ही बायकांचा मुद्दा जागेबद्दलच होता.

इथेच गाइडने पहिली चूक केली. "फॅशनच्या साम्राज्याचा मालक मारला गेला," असं तो म्हणाला. मालक? मौरिझिओने आपला सगळा हिस्सा १९९३ मध्येच बहरीनच्या इन्व्हेस्टकॉर्प या कंपनीला विकला होता. मारला गेला तेव्हा कंपनीत गुची आडनावाच्या माणसाचा एक शेअर नव्हता. ही बारीक गोष्ट नाही. बाईंचा संताप निव्वळ दुसऱ्या बाईवरून नव्हता. घराण्याचं नावच हातातून गेलं, आणि ते यानेच घालवलं, हा होता. घटस्फोटानंतरही त्या गुची हेच आडनाव लावत राहिल्या. सगळ्यांत जास्त गुची मीच, अशा अर्थाचं तुरुंगातून बाहेर आल्यावरही बोलल्या. हे गाइडला ठाऊक असणार, पण "मालक" म्हटलं की गोष्ट सोपी होते.

दुसरी गोष्ट टोपणनावाची. वर्तमानपत्रांनी त्यांना "काळी विधवा" म्हटलं आणि गाइड दर दोन मिनिटांनी तेच म्हणत होता. अहो, त्या विधवा कशा? घटस्फोट झालेला, नवरा माजी. कायद्याने बघायचं तर विधवा कुणीच नव्हती. दुसरी बाई, पाओला फ्रान्की, त्याच्याबरोबर राहत होती, पण लग्न झालेलं नव्हतं. हे मी सुनेच्या कानात म्हटलं. तिने "आई, काळी विधवा नावाचा कोळी असतो, कोळी!" असं सांगून मला गप्प केलं. बरं, कोळी तर कोळी.

मग व्हिया पालेस्त्रो. हा रस्ता मला आवडला. एका बाजूला मोठी सार्वजनिक बाग, दुसऱ्या बाजूला जुन्या, भारदस्त इमारती. वीस नंबरचं दार उंच आहे, कमानीचं. आत दोन-चार पायऱ्या. गाइडने आम्हाला समोरच्या फुटपाथवर उभं केलं, यंत्राचा आवाज वाढवायला सांगितलं आणि सुरू केलं : वसंतातली सकाळ, एक माणूस पायऱ्या चढतो, मागून दुसरा येतो, तीन गोळ्या पाठीत, चौथी डोक्यात, हिरवी रेनो क्लिओ, पळाले! सांगण्याची ढब उत्तम. मला वाटलं, आता येईल. आलं नाही. तो थेट सुपारीच्या रकमेवर गेला.

मी हात वर केला. शाळेतल्यासारखा. "आणि दरवान?"

"हो, एक पोर्टर होता. तो वाचला," गाइड म्हणाला. "तर सहाशे दशलक्ष लिरा म्हणजे..."

हा पोर्टर म्हणजे ज्युसेप्पे ओनोरातो. त्या सकाळी दारात तोच होता. त्याने पुढे सांगितलेली हकिगत मी जायच्या आधी वाचली होती, मुलाने भाषांतर करून दिली होती. सकाळ शांत होती. गुचीसाहेब हातात मासिकं घेऊन आले, गुड मॉर्निंग म्हणाले. मग याला एक हात दिसला. स्वच्छ, सुंदर हात, आणि त्या हातात पिस्तूल. साहेब कोसळल्यावर मारेकऱ्याने याच्यावरही झाडल्या. त्याला हाताला गोळ्या लागल्या. तशा अवस्थेत तो त्या पायऱ्यांवर साहेबांचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, आणि साहेब तिथेच गेले.

एकतीस वर्षांत मी किती जबाब टाइप होताना ऐकले असतील. खरा साक्षीदार असाच बोलतो. खोट्याला मारेकऱ्याची उंची, कपडे, चेहरा, सगळं पाठ असतं. खऱ्याला एखादीच वस्तू दिसलेली असते, पण ती मरेपर्यंत दिसत राहते. "हात स्वच्छ होता" हे कुणी पढवून सांगत नाही.

आमच्याकडे एका खटल्यात असाच एक रखवालदार होता. गोडाऊनचा. मालकावर कोयत्याचे वार झाले तेव्हा समोर होता, मधे पडला, त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. तो एसटीने यायचा, पहाटे निघून. पहिल्या तारखेला आरोपीचे वकील आले नाहीत, दुसऱ्या तारखेला साहेब रजेवर, तिसऱ्याला मुद्देमाल आला नाही. दर वेळी माझ्या टेबलाशी येऊन विचारायचा, "बाई, आज तरी होईल का?" पाचव्या तारखेला झालं. उलटतपासणीत वकिलांनी त्याला विचारलं की पगार किती, दारू पितो का, आणि बोटं नक्की त्याच दिवशी गेली का. बाहेर आल्यावर भत्त्याच्या पावतीवर सही करताना तो म्हणाला, "बाई, पेपरात मालकाचं नाव आलं, आरोपीचं आलं, वकिलाचं आलं. माझं 'एक कामगार जखमी' आलं." मी काय बोलणार? स्टॅम्पचं पॅड पुढे सरकवलं.

मिलानच्या फेरीतही तेच, "एक पोर्टर होता." फक्त यंत्रातून, स्टिरिओ आवाजात.

आणि मग टोपी. गाइडच्या पिशवीत काळ्या जाळीची टोपी होती, बाईंनी अंत्यविधीला तोंडावर जाळी घेतली होती तशी. ज्याला हवं त्याने ती घालून वीस नंबरच्या दारात उभं राहायचं, फोटो काढायचा. सात जणांनी काढला. दोन इंग्रज मुलींनी बोटांचं पिस्तूलही केलं. आतून एक माणूस आला, गणवेशातला, हातात लांब झाडू. आजचा दरवान. तो काही बोलला नाही, फक्त आमच्या पायांपाशी झाडायला लागला. आमच्या सोसायटीतला वॉचमन पोरांना गेटसमोरून हाकलताना अगदी असंच झाडतो. गट पटापट पांगला. मला त्या माणसाला चिवडा द्यावासा वाटला, पण धीर झाला नाही.

जाता जाता एक. त्याच रस्त्यावर, थोडं अलीकडे, समकालीन कलेचं दालन आहे. २७ जुलै १९९३ च्या रात्री तिथे माफियाने मोटारीत बॉम्ब उडवला, पाच माणसं गेली : तीन अग्निशमन जवान, एक शहर पोलीस, आणि बाकावर झोपलेला एक मोरोक्कन स्थलांतरित. आम्ही त्या जागेवरून गेलो तेव्हा गाइड छत्री उंच धरून आइस्क्रीमच्या दुकानाबद्दल सांगत होता. ते फेरीच्या विषयात बसत नाही हे मान्य. पण २८ युरोत अर्धं मिनिट थांबता आलं असतं.

तिसरा टप्पा कोर्सो व्हेनेत्सिया. इथे मौरिझिओचं आलिशान राहतं घर होतं. खुनानंतर लगेच पाओला फ्रान्कीला ते सोडावं लागलं आणि पात्रिझिया मुलींना घेऊन तिथे राहायला आल्या. ही गोष्ट गाइडने फार छान सांगितली. कुठेही उगाच मसाला नाही. डायरीही त्याने इथेच दाखवली, म्हणजे टॅब्लेटवर तिच्या पानाचं चित्र. कार्तिएची चामडी डायरी. २७ मार्चच्या पानावर एकच ग्रीक शब्द, पारादेइसोस. स्वर्ग. काही दिवस आधीच्या पानावर, पैशाने विकत घेता येणार नाही असा गुन्हाच नाही, अशा अर्थाची ओळ.

सगळ्यांनी आ वासला. मी नाही. डायरी हा फार दिखाऊ पुरावा असतो. साहेब म्हणायचे, डायरीवरून मन कळतं, हात कळत नाही. नवरा गेल्यावर "स्वर्ग" लिहिणाऱ्या बायका, तुम्हाला सांगते, दर पेठेत चार सापडतील; त्यांनी कट केला असं होत नाही. या खटल्यात हात दाखवून दिला तो बढाईने. पैसे घेणाऱ्यांची साखळी अशी होती : बाईंची जुनी मैत्रीण पिना औरिएमा, भविष्य वगैरे सांगणारी, तिच्या ओळखीचा इव्हानो साव्हिओनी, एका साध्या हॉटेलचा रात्रपाळीचा पोर्टर, त्याने शोधलेला ओराझिओ चिकाला, पिझ्झाचं दुकान कर्जात बुडालेला, गाडी चालवायला, आणि गोळ्या घालणारा बेनेदेत्तो चेराऊलो. साठ कोटी लिरा, आजच्या हिशेबात तीन लाख दहा हजार युरोच्या आसपास. पुढे या मंडळींना ते कमी वाटायला लागले. हॉटेलवाल्या साव्हिओनीने एका पाहुण्यापुढे तोंड उघडलं, तो पाहुणा पोलिसांकडे गेला. पोलिसांनी आपला एक माणूस कोलंबियाचा गुंड म्हणून आत घातला, फोन ऐकले. संपलं. पैसे आपण दिले ते पिनाने धमकावून उकळले म्हणून, असा बचाव बाईंनी घेतला. तो टिकला नाही.

आता गंमत बघा. सून इटालियन शिकते आहे. ती म्हणाली, दरवानालाही पोर्तिएरे म्हणतात, हॉटेलच्या त्या माणसालाही पोर्तिएरे, आणि फुटबॉलच्या गोलकीपरलाही. म्हणजे एका दारावर बसलेल्याने हा सौदा जुळवला आणि दुसऱ्या दारावर बसलेल्याने त्यातल्या गोळ्या खाल्ल्या. हे वाक्य मी गाइडला सांगितलं. तो थांबला, म्हणाला, "हे मी वापरू का?" मी म्हटलं, खुशाल वापर, पण ओनोरातोचं नाव घेऊन. पुढच्या गटात घेतो म्हणाला. पोरगा वाईट नाही. त्याला लिहून दिलेल्या कागदातच ते नाव नसेल.

शेवटचा टप्पा म्हणजे एका बारमध्ये पेला. मला संत्र्याचा रस मिळाला. तिथे गाइडने उरलेला काळ सांगितला. सान व्हित्तोरेच्या तुरुंगाला बाई "व्हित्तोर रेसिडन्स" म्हणत, हॉटेल असल्यासारखं. तिथे त्यांना मुंगसासारखा एक फेरेट पाळायची परवानगी मिळाली होती. २०११ मध्ये बाहेर काम करण्याच्या अटीवर अर्धी मोकळीक मिळत होती, ती नाकारली : जन्मात काम केलं नाही, आता काय करणार. २०१४ मध्ये अखेर पत्करली, खोट्या दागिन्यांच्या एका कंपनीत, आणि खांद्यावर मोठा पोपट घेऊन मोन्ते नापोलिओनेवर फिरताना दिसल्या. मारेकरी भाड्याने का घेतला, असं एका वार्ताहराने विचारलं तेव्हा माझी नजर अधू आहे, नेम चुकायला नको होता, असं उत्तर दिलं. इथे पुन्हा हशा. बाईंचं तोंड सुरीसारखं आहे यात शंका नाही. आमच्याकडच्या आरोपींना एवढं बोलता आलं असतं तर स्टेनोंचे हाल झाले असते.

मग पोटगीचं आलं. १९९३ मधला दोघांचा करार होता, की तिला हयातभर दरसाल दहा लाखांहून अधिक स्विस फ्रँक मिळावेत. २०१७ मध्ये मिलानच्या अपील न्यायालयाने तो करार अजून बांधील आहे असं धरलं. तुरुंगातल्या वर्षांची थकबाकीसुद्धा. म्हणजे ज्याला मारल्याबद्दल आत गेली, त्याच्याच इस्टेटीतून. गट खवळला. अमेरिकन बाई चिवडा खायच्या थांबल्या. "हे तुमच्याकडे चाललं असतं का?" त्यांनी मला विचारलं, आणि त्या फेरीत मी पहिल्यांदा सुखावले. सांगितलं त्यांना : आमच्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २५ म्हणतं, ज्याने खून केला किंवा करायला लावला, त्याला मेलेल्याची मालमत्ता वारसाने मिळत नाही. पण हा वारसा नव्हेच, करार आहे. कराराचं गणित वेगळं, आणि त्यात इटलीचा दिवाणी कायदा मला येत नाही. सुनेने भाषांतर करताना शेवटचं वाक्य गाळलं असावं, कारण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आणि ओनोरातो? न्यायालयाने त्यालाही भरपाई मंजूर केली होती. पुढे तो सांगत राहिला की ती काही हाती पडली नाही. हेही फेरीत नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

फेरीत नसलेल्या दोन जागा आम्ही नंतर स्वतः पाहिल्या, आणि तुम्ही जाल तर त्या आधी बघा, त्या फुकट आहेत. एक, न्यायमंदिर. पालात्सो दी जुस्तित्सिया, १९३० च्या दशकातलं, मुसोलिनीच्या काळचं पांढऱ्या दगडाचं धूड. एवढं मोठं की आमचं अख्खं जिल्हा न्यायालय, बार रूम आणि झेरॉक्सवाल्यासकट, त्याच्या जिन्यात मावेल. न्यायदालनात भिंतीवर लिहिलेलं असतं, कायदा सर्वांना समान. खुनाच्या खटल्याला तिथे दोन न्यायाधीश आणि सहा साधे नागरिक एकत्र बसतात, नागरिकांच्या खांद्यावरून तिरंगी पट्टा. मला त्यांचा हेवा वाटला नाही. निकालपत्राच्या दिवशी सहा जणांच्या घरचे फोन कोण सांभाळत असेल, एवढाच विचार आला. त्या निकालात गोळी घालणाऱ्याला जन्मठेप झाली होती, बाईंना २९ वर्षं, पिनाला २५.

दुसरी जागा सान व्हित्तोरे. १८७९ चा तुरुंग, मध्यातून किरणांसारख्या इमारती निघालेल्या, आणि चक्क शहराच्या मध्यात. आजूबाजूला लोकांचे फ्लॅट, बाल्कनीत जिरॅनियमच्या कुंड्या. भिंतीबाहेर भेटीला आलेल्या बायका रांगेत, हातात कपड्यांच्या पिशव्या. या बायका सगळीकडे सारख्याच दिसतात. एकीच्या पिशवीवर गुचीसारखा दुहेरी जी होता, बाजारातल्या नकलेचा. मी सुनेला कोपराने खुणावलं, तिने मला बघू नका म्हणून खुणावलं.

मी कंपनीला मेल लिहिला. मुद्दे चार : मालक नव्हता, विधवा नव्हती, दरवानाला नाव आहे, टोपी बंद करा. उत्तर दोन दिवसांत आलं, नम्र होतं. मौल्यवान प्रतिक्रियेबद्दल आभार, आणि पुढच्या बुकिंगवर दहा टक्के सूट, डिसेंबरपर्यंत. माझा व्हिसा २६ सप्टेंबरला संपत होता.

परतायच्या आदल्या दिवशी सकाळी मी एकटीच निघाले. लाल मेट्रो, पालेस्त्रो स्टेशन, तिकीट स्वतः काढलं. साडेआठला वीस नंबरसमोर बागेच्या कुंपणाला टेकून उभी राहिले. शाळेची मुलं, कुत्री फिरवणारे, एक ट्रक केक उतरवत होता. दार उघडं होतं. झाडूवाला तोच दरवान पायरीवर बसून फोनवर काहीतरी बघत होता. आत जाणाऱ्या प्रत्येकाला मान न उचलता काहीतरी म्हणायचा, आणि ते म्हणायचे. बारा मिनिटांत नऊ माणसं आत गेली. सवय जात नाही, मोजली.

तारे : आवाज आणि यंत्रांना एक, कोर्सो व्हेनेत्सियाला एक, गाइडने "वापरू का" विचारलं त्याला एक. सूट कुणाला हवी असेल तर कोड माझ्याकडे पडून आहे.